लक्ष ठेवायचं कुणी? ड्रायव्हरला मदत करणाऱ्या गाड्यांचे अपघात आणि कायद्यातली जबाबदारी

६७ टक्के दोष ड्रायव्हरचा, ३३ टक्के गाडी बनवणाऱ्या कंपनीचा. १ ऑगस्ट २०२५ रोजी अमेरिकेत मायामीच्या फेडरल कोर्टातल्या ज्यूरीनं, म्हणजे सामान्य नागरिकांतून निवडलेल्या पंचांनी, ही वाटणी केली. अपघात सहा वर्षांपूर्वीचा होता. २५ एप्रिल २०१९ च्या रात्री फ्लोरिडातल्या की लार्गो इथे एक टेस्ला मॉडेल एस ऑटोपायलट ही ड्रायव्हरला मदत करणारी यंत्रणा चालू ठेवून ताशी सुमारे १०० किलोमीटर वेगानं चालली होती. ड्रायव्हरचा फोन खाली पडला आणि तो उचलायला तो वाकला. पुढे रस्ता संपून टी आकाराचा फाटा होता. थांबायची पाटी आणि लुकलुकता दिवा मागे टाकून गाडी रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एसयूव्हीवर आदळली. तिच्याशेजारी उभी असलेली २२ वर्षांची तरुणी ठार झाली आणि तिचा मित्र गंभीर जखमी झाला.

या प्रकरणात कंपनीची बाजू वरवर पाहता भक्कम होती. ड्रायव्हरचा पाय ॲक्सिलरेटरवर होता, म्हणजे वेग त्यानंच धरून ठेवला होता. फोनसाठी वाकलो हे त्यानं कबूलही केलं होतं. शिवाय गाडीच्या पुस्तिकेत लक्ष रस्त्यावर ठेवा असं लिहिलेलं होतंच. तरीही ज्यूरीनं एकूण १२ कोटी ९० लाख डॉलरच्या भरपाईतला ३३ टक्के वाटा, म्हणजे सुमारे ४ कोटी २६ लाख डॉलर, टेस्लावर टाकला. वर २० कोटी डॉलरची दंडात्मक भरपाई लावली. दंडात्मक भरपाई म्हणजे झालेलं नुकसान भरून काढण्यापलीकडची, पुन्हा असं करू नये म्हणून लावलेली रक्कम. निकाल चुकीचा आहे, आपण त्याला आव्हान देऊ, असं कंपनीनं जाहीर केलं.

चूक कबूल करणारा माणूस समोर बसलेला असताना कंपनीच्या पदरात ३३ टक्के पडले कसे, हे कळलं की या विषयाचा बराचसा गुंता सुटतो.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करू. अपघात झाला की आपण विचारतो, "चूक कोणाची?" जणू उत्तर एकच आहे. कायदा मात्र तीन वेगळ्या वह्या उघडतो. पहिली फौजदारी: कुणी गुन्हा केला का, शिक्षा व्हायला हवी का? दुसरी भरपाईची: जखमी माणसाचे किंवा मृताच्या वारसांचे पैसे कोण देणार? तिसरी वस्तूच्या दोषाची: विकलेली गाडीच मुळात सदोष होती का? तीन वह्यांत तीन वेगळी नावं येऊ शकतात. एकाच वहीत दोन नावंही येतात, जशी मायामीत आली. पहिल्या वहीत पुरावा अगदी पक्का लागतो, वाजवी शंकेला जागा उरता कामा नये. दुसरीत कुणाचं म्हणणं जास्त संभवनीय वाटतं एवढ्यावर निकाल लागू शकतो. एखादा ड्रायव्हर फौजदारी खटल्यातून सुटला म्हणजे त्याचा विमा सुटला असं होत नाही. तसंच ड्रायव्हरला शिक्षा झाली म्हणून कंपनी सुटली असंही होत नाही.

फौजदारी वहीत आजवर यंत्राच्या बाजूनं फारसं काही लिहिलं गेलेलं नाही. २९ डिसेंबर २०१९ रोजी कॅलिफोर्नियातल्या गार्डेना इथे ऑटोपायलटवरची मॉडेल एस हायवेवरून उतरून ताशी सुमारे ११९ किलोमीटर वेगानं लाल सिग्नल तोडून दुसऱ्या गाडीवर गेली. दोघांचा जीव गेला. खटला उभा राहिला तो ड्रायव्हरवर, वाहनानं मनुष्यवध केल्याचा, आणि शेवटी त्याला प्रोबेशन मिळालं, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली मोकळं राहण्याची शिक्षा. त्याआधी १८ मार्च २०१८ रोजी ॲरिझोनातल्या टेम्पीमध्ये उबरच्या चाचणी गाडीनं सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेचा बळी घेतला होता. ती गाडी नुसत्या मदतनीस यंत्रणेची नव्हती, स्वतः चालण्याचीच चाचणी होती. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात आढळलं की यंत्रणेला ती महिला धडकेच्या ५.६ सेकंद आधी दिसली होती. पण समोर आहे ते वाहन की सायकल की आणखी काही, हे यंत्रणा पुन्हा पुन्हा बदलत राहिली, आणि प्रत्येक बदलाबरोबर त्या वस्तूच्या आधीच्या हालचालीचा हिशेब पुसला जात राहिला. गाडीत मूळ व्होल्वोचा आपत्कालीन ब्रेक होता, तो स्वयंचलित चाचणीच्या वेळी बंद ठेवला होता. इतकं सगळं असूनही सरकारी वकिलांनी कंपनीवर गुन्हेगारी जबाबदारी येत नाही असं ठरवलं. आरोप ठेवला गेला स्टिअरिंगमागे बसून फोनवर कार्यक्रम बघणाऱ्या ऑपरेटरवर. २०२३ मध्ये तिनं कमी गंभीर गुन्हा कबूल केला आणि तिला तीन वर्षांचं प्रोबेशन झालं.

या विषयाच्या अभ्यासकांत एक उपमा रुळली आहे. गाडीचा पुढचा भाग मुद्दाम असा बनवतात की धडकेत तो आधी चुरगळावा आणि आतली माणसं वाचावीत. काही यंत्रणांत माणसाला तशीच जागा मिळते. दोषाचा धक्का तो झेलतो आणि वाचते ती यंत्रणा. मला ही उपमा पटते, पण अर्धीच. टेम्पीच्या ऑपरेटरचं कामच मुळी लक्ष ठेवण्याचं होतं आणि ती ते करत नव्हती, हेही खरं आहे.

पातळी दोन आणि पातळी तीन यांच्यामधली रेघ

वाहन अभियंत्यांच्या एसएई या संस्थेनं २०१४ मध्ये शून्य ते पाच अशा सहा पातळ्या ठरवल्या. त्या तोंडपाठ करायची काही गरज नाही. कायद्याच्या दृष्टीनं खरी रेघ एकच, दोन आणि तीनच्या मधली.

पातळी दोनची गाडी पुढच्या वाहनापासून अंतर राखते, लेनमध्ये राहते, स्वतः ब्रेक लावते, स्टिअरिंगही फिरवते. पण हे सगळं ती तुमच्या देखरेखीखाली करते. तिच्याकडून काही सुटलं तर ते पकडणं तुमचं काम. आज "गाडी स्वतः चालते" म्हणून लोक कौतुकानं दाखवतात ती बहुतेक यंत्रणा याच पातळीची असते. टेस्लाचं "फुल सेल्फ-ड्रायव्हिंग"सुद्धा खासगी मालकांच्या हातात याच पातळीचं आहे. २०२४ मध्ये त्या नावापुढे कंसात "सुपरवाइज्ड" हा शब्द आला. पूर्णपणे स्वतः चालणारी, पण देखरेखीखाली! वकिलांना याहून सोयीचं नाव सुचलं नसतं.

पातळी तीनला उलटं होतं. ठरावीक रस्त्यावर, ठरावीक वेगापर्यंत, ठरावीक हवामानात गाडीच चालवते आणि रस्त्यावर लक्षही तीच ठेवते. तुम्ही दुसरीकडे बघू शकता. मात्र "आता तुम्ही घ्या" असा इशारा आला की ताबा घ्यायचा. यासाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक १५७ मध्ये ताबा घ्यायला साधारण १० सेकंदांची मुदत धरलेली आहे. तेवढ्यात माणूस हलला नाही तर गाडीनं स्वतःच जमेल तितकं सुरक्षित थांबायचं.

म्हणजे गाडी किती हुशार आहे यावर ही रेघ ठरत नाही. लक्ष ठेवण्याचं कर्तव्य कुणाकडे, यावर ठरते. पातळी दोनची गाडी पातळी तीनच्या गाडीपेक्षा जास्त करामती करणारी असू शकते. एखादी वळणं घेते, सिग्नलला थांबते, चौक ओलांडते, तर पातळी तीनची बिचारी हायवेवरच्या कोंडीतच चालते. तरी कायद्यासमोर पहिलीचा ड्रायव्हर हा ड्रायव्हरच राहतो.

न जमणारं काम

आता ३३ टक्क्यांकडे परत येऊ. लक्ष ठेवण्याचं कर्तव्य माणसाकडे आहे, ठीक. पण तो ते पार पाडू शकतो का?

हा प्रश्न गाड्यांपेक्षा जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यावर तासन् तास नजर ठेवणाऱ्या सैनिकांकडून खुणा का निसटतात, हे शोधताना ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थनं एक साधं घड्याळ वापरलं. काटा एकेक घर सरकायचा, क्वचित दोन घरं उडी मारायचा. ती उडी दिसली की बटण दाबायचं, एवढंच काम. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षानुसार पहिल्या अर्ध्या तासातच माणसाची पकड सैल पडते. ही माणसं आळशी नव्हती. जवळपास काहीच घडत नसलेल्या गोष्टीवर टक लावून बसणं हे मेंदूला जमणारं कामच नाही.

७ मे २०१६ रोजी फ्लोरिडातल्या विलिस्टनजवळ ऑटोपायलटवरची एक मॉडेल एस आडव्या जाणाऱ्या ट्रेलरखाली घुसली आणि ड्रायव्हर गेला. ऑटोपायलट चालू असलेल्या ३७ मिनिटांत गाडीला त्याचे हात स्टिअरिंगवर जाणवले होते फक्त २५ सेकंद. सुरक्षा मंडळानं ट्रेलरच्या चालकाला दोष दिला, गाडीच्या ड्रायव्हरला दिला आणि तिसरी गोष्टही नोंदवली: यंत्रणेची रचनाच अशी होती की माणूस इतका वेळ बेफिकीर राहू शकला. (या मंडळानं काढलेलं अपघाताचं कारण अमेरिकेत भरपाईच्या दाव्यात पुरावा म्हणून मांडता येत नाही. मंडळानं मोकळेपणानं बोलावं म्हणून तशी सोय आहे.)

वस्तूच्या दोषाचा कायदा इथे येतो. त्यात "आधीच दिसू शकणारा गैरवापर" अशी एक कल्पना आहे. पुस्तिकेत सूचना छापली की बनवणाऱ्याचं काम संपलं असं हा कायदा मानत नाही. लोक ही वस्तू चुकीच्या पद्धतीनं वापरणार हे आधीच दिसत असेल, आणि माफक खर्चात ते रोखता येत असेल, तर रोखायला हवं होतं असं कोर्ट म्हणू शकतं. स्टिअरिंगवर नुसता हाताचा जोर मोजणाऱ्या यंत्रणेला लोक फसवणार हे दिसत होतंच. स्टिअरिंगला लावायचं एक वजन चक्क "ऑटोपायलट बडी" या नावानं विकलं जात होतं, आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाला ते थांबवायचा आदेश काढावा लागला. ड्रायव्हरच्या डोळ्यांवर नजर ठेवणारा कॅमेरा हा पर्याय होता. यंत्रणा ज्या रस्त्यांसाठी बनलेली नाही तिथे ती चालूच होऊ न देणं, हाही होता. की लार्गोच्या खटल्यात पीडितांचा मुख्य मुद्दा हाच होता: ऑटोपायलट फाटे नसलेल्या महामार्गांसाठी बनवला होता, मग ज्या रस्त्याच्या टोकाला थांबायची पाटी आहे तिथे तो चालू कसा झाला? नावाचा आणि जाहिरातबाजीचा मुद्दा होताच. आपण या तंत्रज्ञानावर जास्तच विसंबलो, असं ड्रायव्हरनं साक्षीत सांगितलं. कंपनीनं त्याला तसं विसंबायला लावलं का, यावर खटला फिरला.

म्हणून त्या ३३ टक्क्यांचा अर्थ "गाडीनं ब्रेक लावला नाही" एवढाच घेऊ नये. मी तो असा वाचतो: माणसाला न जमणारं काम त्याच्या गळ्यात बांधलं आणि जमतंय असं वाटायला लावलं, याची ती किंमत आहे.

पण एका निकालानं हुरळून जायला नको. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियात दोन ज्यूरींनी टेस्लाच्या बाजूनं कौल दिला होता, एप्रिलमध्ये लॉस एंजेलिसला आणि ऑक्टोबरमध्ये रिव्हरसाइडला. पहिल्या प्रकरणात पुस्तिकेतली सूचना कंपनीच्या कामी आली: ही यंत्रणा शहरातल्या रस्त्यांसाठी नाही, असं त्यात लिहिलेलं होतं. असे अनेक दावे तर कोर्टाबाहेरच मिटतात. २३ मार्च २०१८ च्या माउंटन व्ह्यू इथल्या अपघाताचा खटला एप्रिल २०२४ मध्ये सुरू होण्याच्या तोंडावर तडजोडीनं मिटला. तडजोड झाली की तत्त्वाचा प्रश्न तिथेच राहतो.

जिथे कायद्यानं आधीच ठरवून टाकलंय

पातळी तीन आणि त्यापुढे काही देशांनी ज्यूरीची वाट पाहिली नाही. जर्मनीनं २०१७ मध्येच रस्ते वाहतुकीचा कायदा बदलला. अशी यंत्रणा चालू असताना ड्रायव्हरनं लक्ष काढून घेतलं तर चालेल, पण इशारा कळेल इतपत जागरूक राहिलं पाहिजे. शिवाय जर्मनीत गाडीच्या धारकावर दोष सिद्ध न करताही भरपाई येते. त्यामुळे जखमी माणसाला पैशासाठी सॉफ्टवेअरचा पोस्टमॉर्टेम करत बसावं लागत नाही. फ्रान्सनं २०२१ च्या अध्यादेशानं फौजदारी जबाबदारीचा एक भागही बनवणाऱ्याकडे सरकवला.

मला सगळ्यात व्यवहारी वाटतो तो ब्रिटनचा मार्ग. २०१८ च्या कायद्यानं सांगितलं की गाडी स्वतः चालत असताना अपघात झाला तर विमा कंपनीनं आधी पीडिताला पैसे द्यावेत आणि मग बनवणाऱ्याकडून वसूल करत बसावं. दोन धनाढ्य पक्षांनी आपसात भांडावं, प्लास्टरमध्ये पाय असलेल्या माणसानं नव्हे. २० मे २०२४ रोजी मंजूर झालेल्या दुसऱ्या कायद्यानं आणखी एक पाऊल टाकलं. गाडी स्वतः चालते असा दावा करून जी संस्था तिला परवानगी मिळवेल, तीच तिच्या चालण्याला उत्तरदायी. आत बसलेल्या माणसावर गाडीच्या चालण्याबद्दल खटला नाही. आणि परवानगी नसलेल्या गाडीला "स्वतः चालणारी" म्हणून खपवणं हाच गुन्हा. मात्र यातलं काहीही पातळी दोनला लागू नाही. तिथला ड्रायव्हर जुन्याच नियमांखाली आहे, हे विसरून बातमी वाचली की घोटाळा होतो.

युरोपीय संघाचा नवा उत्पादन-जबाबदारी निर्देश सदस्य देशांनी ९ डिसेंबर २०२६ पर्यंत आपल्या कायद्यात उतरवायचा आहे. त्यात सॉफ्टवेअर ही सरळ "वस्तू" धरली आहे. तांत्रिक गुंतागुंतीमुळे दोष सिद्ध करणं कमालीचं अवघड होत असेल, तर कोर्ट दोष होता असं गृहीत धरू शकतं. मग दोष नव्हता हे दाखवायचं काम कंपनीचं.

पुरावा कुणाच्या खिशात

सिद्ध करणं अवघड का, तर घटनेचा साक्षीदार गाडी स्वतःच असते आणि साक्षीदाराची भाषा फक्त कंपनीला येते. यंत्रणा चालू होती का, माणसाला इशारा दिला का, कॅमेऱ्याला काय दिसलं, हे सगळं लॉगमध्ये, म्हणजे गाडीनं आपोआप ठेवलेल्या नोंदींत असतं. की लार्गोच्या प्रकरणात अपघातानंतर लगेचच गाडीनं आपल्याकडची माहिती कंपनीच्या सर्व्हरवर पाठवली होती. ती माहिती आपल्याकडे नाही असं कंपनी सांगत राहिली, आणि शेवटी पीडितांच्या बाजूच्या तज्ज्ञानं गाडीतल्या चिपमधून ती बाहेर काढली.

"यंत्रणा चालू होती" या शब्दांतही मेख आहे. उभ्या आपत्कालीन वाहनांवर आदळलेल्या टेस्लांची अमेरिकी प्रशासनानं चौकशी केली, तेव्हा तपासलेल्या १६ अपघातांत ऑटोपायलटनं सरासरी पहिल्या धडकेच्या एक सेकंदाहूनही कमी वेळ आधी ताबा सोडलेला आढळला. कागदोपत्री धडकेच्या क्षणी यंत्रणा बंद! पण २०२१ च्या आदेशात नियम आहे की धडकेच्या आधीच्या ३० सेकंदांत कधीही यंत्रणा चालू असेल तर गंभीर अपघात कंपनीनं कळवलाच पाहिजे, त्यामुळे ही पळवाट उरत नाही. जर्मनीत तर ताबा माणसाकडून यंत्राकडे किंवा उलट गेला की त्याची वेळ आणि जागा गाडीनं नोंदवून ठेवायची, असं कायद्यातच लिहिलं आहे.

सामान्य ड्रायव्हरच्या कामाच्या दोन गोष्टी यातून निघतात. पहिली, जबाबदारांच्या यादीत गॅरेजही असू शकतं. लेन बघणारा कॅमेरा बहुधा पुढच्या काचेमागे असतो आणि रडार बंपरजवळ. काच बदलली किंवा बंपर दुरुस्त केला की कॅमेरा आणि रडार पुन्हा नीट जुळवून घ्यावे लागतात, त्याला कॅलिब्रेशन म्हणतात. कॅमेरा अंशभर वाकडा बसला तरी दूरवरची गाडी त्याला शेजारच्या लेनमध्ये दिसू शकते. म्हणून त्या कामाची पावती जपून ठेवावी, आणि पावतीवर कॅलिब्रेशनचा उल्लेख नसेल तर तिथेच विचारावं. सॉफ्टवेअरचं अपडेट टाळणंही अंगलट येऊ शकतं. ब्रिटनच्या २०१८ च्या कायद्यानुसार अपडेट सुरक्षेसाठी अत्यावश्यक आहे हे माहीत असून, किंवा माहीत असायला हवं असूनही, ते टाकलं नसेल तर विमा कंपनीला आपली जबाबदारी मर्यादित करता येते.

दुसरी गोष्ट अपघातानंतरची. एअरबॅग उघडली असेल तर गाडीच्या ब्लॅक बॉक्समधली धडकेच्या आधीच्या काही सेकंदांची नोंद कुलूपबंद होते. एअरबॅग उघडली नसेल तर पुढच्या वापरात तीच नोंद पुसली जाऊ शकते. म्हणून मोठा वाद होण्यासारखा अपघात असेल, तर भरपाईचा आकडा ठरायच्या आत गाडी भंगारात किंवा दुरुस्तीला जाऊ देऊ नये, आणि सर्व्हरवरची माहिती जपून ठेवा असं पत्र वकिलाकडून कंपनीला लगेच पाठवावं. विमा कंपनीचा माणूस मोडकी गाडी उचलून न्यायला बहुधा तत्पर असतो. त्याला दोन दिवस थांबवावं.